धूमकेतू आणि अधिक महिना

रविवार, २५ मार्च २००७

इंग्लंडात उन्हाळ्यासाठी घड्याळं आज तासभर पुढे. स्वयंपाकघरातलं नेहमीप्रमाणे तसंच राहिलं. आमचा जावई निखिल वेळेवर आला, पण सुमतीच्या घड्याळाप्रमाणे फार लवकर, त्यामुळे पोळ्या त्याच्यासमोरच लाटल्या गेल्या. त्याला ते आवडतं. ओट्याला टेकून उभा राहतो आणि पहिली पोळी तव्यावरून काढली की नुसतीच खातो. लेकीची, अंजूची सवय.

जेवणानंतर लॅपटॉप काढला. त्याच्या न्यू जर्सीच्या कॉलेजमित्रांचा तो दर वर्षीचा खेळ. खरे बेसबॉलपटू अमेरिकेत खेळतात, ह्यांनी त्यांतले निवडून आपापला कागदी संघ बांधायचा. आपला माणूस तिकडे जे करील त्याचे गुण इकडे आपल्याला. प्रत्येक संघाला दोन मॅनेजर, असा नियम. नि.च्या संघाची दुसरी मॅनेजर अंजू. ती गेली त्याला दोन हिवाळे झाले. गेल्या वर्षी मित्रांनी तिची जागा तशीच राहू दिली होती.

"बाबा, या वर्षी तुम्ही बसणार का माझ्याबरोबर?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मला माहितीये."

बसलो.

संध्याकाळी निवड. पडद्यावर एकेक जण एकेक नाव उचलतोय. सु. चष्मा लावून आमच्या मागे उभी.

"हा कसा आहे हो, निखिलराव?"

"रोज खेळतो, आई. पण स्टार नाही आहे."

"दुखणीखुपणी?"

"कधीच नाही."

"मग घ्या की. चांगलं स्थळ आहे."

घेतला. रोज न चुकता दारात येणारा, म्हणून मी त्याचं नाव 'गवळी' ठेवलं. तसलेच आणखी पाच-सहा घेतले. मी आणि सु. दोघं मिळून असल्यावर दुसरं काय होणार. मागच्या वर्षातला एकच माणूस नि.नं ठेवला, एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. "बरा असला की बेस्ट. पण बरा नसतो." खांदा अधू आहे म्हणे. सु. म्हणाली, असला कशाला ठेवता? तो नुसता हसला. मी याचं नाव 'धूमकेतू' ठेवलं.

मंगळवार, ३ एप्रिल

सामने आपल्या झोपेत होतात, आकडे सकाळच्या चहाबरोबर. अंजूच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर पाहायला नि.नं शिकवलंय. बारीक अक्षरांच्या ओळीच ओळी. पहिल्यांदा डोळे फिरले, मग एकदम मिरजेची शाळा आठवली. वृत्त ओळखायचं म्हणून कवितेच्या डोक्यावर आम्ही लघु-गुरूच्या खुणा काढायचो, चंद्रकोर आणि आडवी रेघ. गुरुजी बाकावर टिचकी मारत ओळ म्हणायचे आणि एरवी निर्जीव वाटणाऱ्या त्या खुणा डुलायला लागायच्या. ह्या आकड्यांचंही तसंच असावं. म्हणून दाखवणारा पाहिजे.

गवळ्यानं आज रतीब घातला. फार नाही, पण घातला.

शनिवार, १४ एप्रिल

एप्रिलात असं ऊन स्लाऊमध्ये कधी पाहिलं नाही. मागच्या अंगणात बनियनवर बसलो, सु.नं शेजाऱ्यांवरून माझी लाज काढली.

सकाळी नि.चा फोन. रविवार सोडून त्याचा फोन येत नाही.

"बाबा, बघितला का? तुम्ही बघितला का?"

धूमकेतूनं काल समोरचा अख्खा संघ झोपवला. एकामागून एक माणूस बॅट घेऊन आला आणि तसाच परत गेला. नि. सांगत सुटला, मराठी संपलं की इंग्रजीत, इंग्रजी संपलं की नुसता हसत. हा आवाज ह्या घरानं दोन वर्षांत ऐकला नव्हता. मी मुद्दाम फोन सु.च्या हातात दिला. तिला अक्षर कळलं नसणार, पण ती "हो का, हो का" करत राहिली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिचा चेहरा तसाच होता.

दुपारी एक ओवी जमली. कुणाला दाखवण्यासारखी नाही.

येतो कधी, जातो कधी
वाट पाहू किती आधी
एक सकाळ लाभे मधी
सोन्यापरी

सोमवार, ३० एप्रिल

धूमकेतूचा खांदा. किती आठवडे, सांगता येत नाही म्हणतात.

दुपारी न्यू जर्सीहून विहीणबाईंचा फोन. सु. बोलली. नि.च्याच कंपनीत तिकडे मोठी जागा निघाली आहे, त्यांच्या घरापासून अर्ध्या तासावर. जूनअखेर कळवायचंय. "निखिल बोलला नाही का तुम्हाला? बोलेल, बोलेल. तुम्हीही जरा सांगा हो त्याला. एकटा किती दिवस राहणार तिथं?"

फोन ठेवून सु. तोच फोन पदरानं पुसत बसली.

त्या बाईंचं काय चुकलं? मुलगा आहे त्यांचा. अंजूसाठी इथं आला, अंजू नाही. अंजू असती आणि दोघं निघाले असते तर मी भांडलो असतो, रुसलो असतो, विमानतळावर गेलो नसतो. आता रुसायचं ते कोणत्या नात्यानं?

रविवार, ६ मे

आला. काही बोलला नाही. आम्हीही नाही. भरली वांगी तीनदा घेतली. दहा दिवस न्यू जर्सीला जातोय, आईचा गुडघा दुखतो म्हणे. (गुडघा!) निघताना पासवर्ड कागदावर लिहून दिला. "टीम तुमच्याकडे, बाबा. जे बरोबर वाटेल ते करा."

शुक्रवार, ११ मे

आज एक मोठं काम केलं.

समीरचा निरोप आला, तो नि.चा मित्र, त्याच खेळातला. धूमकेतू त्याला द्या, बदल्यात तो त्याचा फर्स्ट बेसचा खेळाडू देतो. चौकशी केली. पस्तिशीचा, शांत, एकही सामना न चुकवणारा. अगदी शाळामास्तर. आमचा धूमकेतू खांद्याला बर्फ लावून बसलेला.

सु.ला विचारलं. लसूण सोलता सोलता म्हणाली, "रोज कामाला जाणारा बरा."

मलाही तेच वाटलं. जावयानं विश्वासानं सोपवलेली वस्तू, ती परत देताना भरून द्यावी, रिकामी नाही. आणि खरं सांगायचं तर मनात हेही होतं की संघ वर सरकला तर त्याचा इथं जीव रमेल. रंगाच्या कारखान्यात आयुष्यभर स्टोअर्स सांभाळलं, माल कधी कमी पडू दिला नाही. बटण दाबलं. मास्तर आमचा झाला.

गुरुवार, १७ मे

आजपासून अधिक महिना. सु.नं सकाळीच विषय काढला, पाठ माझ्याकडे ठेवून. "वाणाचं काय करायचं?"

मागच्या अधिकात, तीन वर्षांपूर्वी, दोघं शेजारी पाटावर बसले होते. लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण. तीस आणि तीन अनारसे, वर दिवा. नि.नं त्यातला एक तिथल्या तिथे तोंडात टाकला आणि आपल्या अमेरिकेतल्या मराठीत विचारलं, "हे सगळा माझा?" अंजू हसून हसून पाटावरून घसरली.

वेम्बलीच्या कर्णिकांना फोन केला, आमच्यात पंचांग तेच बघतात. म्हणाले, "अहो, जावयाचा मान मुलीमुळे. मुलगीच नाही तर वाण देवळात द्यावं, विष्णूला. निखिलला उगाच अवघडल्यासारखं होईल. उद्या त्यानं दुसरं लग्न केलं म्हणजे?" शहाणा माणूस, वाईट हेतू नाही.

सु.ला सांगितलं. दुपारी पाहतो तर तांदूळ भिजत घातलेले. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

रविवार, २० मे

नि. आला. दाढी वाढलेली. आईचा गुडघा बरा आहे म्हणाला.

मी त्याला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि मास्तर दाखवला. आठवडाभरात त्यानं किती गुण आणले, आपण कुठून कुठे आलो, सगळं. नि. पडद्याकडे बघत राहिला.

"तो गेला?"

"समीरकडे. खांदा गेलेलाच होता."

"ओके." मग, "गुड ट्रेड, बाबा."

भात घेतला नाही. ताट स्वतः घासून ठेवलं आणि चहाला थांबला नाही.

रविवार, २७ मे

नि.चा मेसेज: काम आहे, येत नाही. बँक हॉलिडेच्या सुट्टीत काम.

पाऊस, थंडी, हीटर लावावा लागला. दोघांनीच जेवलो. मी म्हटलं, त्याचं जायचं ठरलं असणार. सु. म्हणाली, ते नव्हे. नावानं काही कळेना म्हणून तिनं मला पुन्हा पुन्हा विचारलं, तुम्ही दिला तो खेळाडू कोण? चेंडू टाकणारा का? सारखा आजारी? मग हात पुसून खुर्चीत बसली.

"अहो, अंजू फोनवर एकाला 'माझा वेडा' म्हणायची. माझा वेडा आज खेळला, माझ्या वेड्याचा हात दुखतोय. मला वाटायचं निखिलरावांनाच म्हणते."

सोमवार, २८ मे

बसनं त्याच्याकडे गेलो. न कळवता. अंजू गेल्यानंतर त्या फ्लॅटमध्ये मी पहिल्यांदाच. नि.नं दार उघडलं, अंगात तिचाच राखाडी स्वेटर, हाताला आखूड.

मी आत न जाता विचारलं, "तो अंजूचा होता का?"

"बाबा, आत तर या. भिजला तुम्ही."

चहा त्यानं केला. आलं जास्त, साखर नाही. मग सांगितलं. अंजूनं त्याला निवडीच्या शेवटच्या फेरीत घेतला, सगळे हसले होते. नि.सुद्धा. "मी म्हटला, अंजू, सेफ माणूस घे. ती म्हणाली, सेफ तर मी तुझ्याशी लग्न करून झाले." हॉस्पिटलात शेवटी शेवटी जेवणाचं विचारलं तर मान हलवायची, पण वेडा काल खेळला का, हे रोज विचारायची. तो खेळला नसला तर नि. खोटं सांगायचा.

"मला सांगायचं होतंत, निखिल."

"तुम्ही इतके खूश होता, बाबा. मास्तर मास्तर करत होता. मी कसा सांगू?"

माझ्या मुलीचा वेडा मी मास्तराच्या बदल्यात विकला. लहानपणी बसमध्ये शाळेला जाताना मी तिला कविता म्हणायला लावायचो. ती मधेच ओळ बदलून टाकायची, वृत्त मोडायची, आणि मी मात्र चंद्रकोरी मोजत बसायचो.

घरी सोडायला तो गाडी घेऊन आला. आत आला नाही.

शनिवार, २ जून

समीरला स्वतः फोन केला, धूमकेतू परत मागायला. "अंकल, ट्रेड इज ट्रेड." शिवाय धूमकेतूचा खांदा बरा झालाय, परवा खेळला आणि पुन्हा गाजला. मी म्हटलं, बेटा, तो आमच्या अंजूचा आहे. त्या पोराला ठाऊक नव्हतं, तो ह्या खेळात मागाहून आलेला. म्हणाला फुकट देतो, पण बाकीचे मित्र आरडाओरडा करतील, नियमाप्रमाणे काहीतरी तोडीचं द्यावं लागेल. मास्तर, आणि वर गवळी.

ह्या वेळी बटण दाबण्याआधी नि.ला विचारलं.

"दोन्ही? बाबा, मग टीम लास्ट येणार."

"येऊ दे."

"तो पुन्हा आजारी पडणार. पक्का."

"पडू दे."

मग हसायला लागला. "बाबा, हा आमच्या लीगमधला सगळ्यात वाईट ट्रेड आहे."

"मग दाबू का?"

"दाबा."

रविवार, १० जून

सु.नं कर्णिकांना विचारलं नाही, मला विचारलं नाही. सकाळी उठलो तर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, चांदीच्या ताटात अनारसे, थोडे फसकलेले, कडा तुटलेले. ती म्हणते इथल्या तांदळाचा दोष. मी म्हटलं, रीत नाही ना?

"तिच्यामुळे आले, हे खरं. पण आले ना? आता काय परत पाठवायचे?"

नि. आला, रांगोळी पाहिली आणि दारातच बूट हातात धरून उभा राहिला. मला वाटलं कर्णिक बरोबर होते. डोळे भरले होते त्याचे. मग पाटावर बसला, पुन्हा उठला.

"आई, एकटा विचित्र वाटतो. बाबा बसणार का बाजूला?"

सु. माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. अधिक महिन्यात सासरा जावयाच्या शेजारी वाण घ्यायला बसला, असं कुठल्या पोथीत नसणार. गुडघे दुमडेनात, नि.नं खांदा पुढे केला. सु.नं दोघांना कुंकू लावलं, दोघांना ओवाळलं. मला ओवाळताना तिला हसू आवरेना आणि मग रडू आवरेना.

"बाबा, अर्धे तुमचे."

"मला डॉक्टरनं गोड बंद केलंय."

"मग मी सगळे घेतो."

संध्याकाळपर्यंत राहिला. सोफ्यावर झोपला. सु.नं शाल घातली. त्याच्या जाण्याबद्दल कुणीही अवाक्षर काढलं नाही.

शुक्रवार, १५ जून

अधिक संपला. आमचा संघ शेवटून पहिला. धूमकेतू पुन्हा घरी बसलाय, ह्या वेळी कोपर.

रविवार, १७ जून

भांडी घासताना तो बोलला. मी विसळत होतो.

"बाबा, न्यू जर्सीला एक जॉब आहे."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"एप्रिल."

"आणि काही बोलला नाही तुम्ही?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

एक पातेलं दोनदा घासलं त्यानं. "तुम्हाला काय वाटतं?"

उत्तर तयार ठेवलं होतं, दीड महिना घोटून. तेच म्हटलं. तिकडे आईवडील आहेत, मित्र आहेत, पगार बरा असेल, तुमचं वय अजून आहे, पुन्हा संसार व्हायला हवा. इथं काय, दोन म्हातारी माणसं, कधीतरी एक, मग तेही नाही. जावं हे शहाणपणाचं. सगळं सरळ, मात्रेला मात्रा.

"हा सेफ आन्सर आहे, बाबा. मी खरा विचारतोय."

नळ चालूच होता. मी म्हटलं, "रविवारी सकाळपासून मी पुढच्या खिडकीत बसलेला असतो. पेपर हातात असतो, पण वाचत नाही."

एवढंच. 'राहा' हा शब्द तोंडातून निघाला नाही, आणि निघाला नाही हेच बरं. तो त्याच्या आयुष्याचा प्रश्न, माझ्या रविवारांचा नव्हे.

"मला दिसता तुम्ही," नि. म्हणाला. "पार्क करताना. म्हणून कधी कधी एक चक्कर जास्त मारतो. तुम्हाला बघत."

नळ बंद केला मी. सु. आतून ओरडली, भांडी घासताय की घडवताय?

गुरुवार, २१ जून

सु. देवापुढे रोजच्यापेक्षा जास्त वेळ बसते. काय मागतेस, विचारलं. म्हणाली, काही मागत नाही, मागायला गेलं की विहीणबाई डोळ्यांपुढे येतात. त्याही बसल्या असतील तिकडे हात जोडून.

खरंय. दोन आया, दोन देव्हारे, मुलगा एक.

बुधवार, २७ जून

टीव्हीवर दिवसभर एक पंतप्रधान घरातून निघतोय, दुसरा शिरतोय. बाहेर पाऊस. कॉम्प्युटरपाशी बसलो होतो, आकडे न बघता.

आत्ता खाली गाडी थांबली. बुधवारी तो कधीच येत नाही. सरळ आला, जास्तीची चक्कर न मारता. दार सु.नं उघडलं. मी वरच आहे, वही पुढे ओढली कारण हातांना काहीतरी हवं होतं.

आवाज येतायत. सु. म्हणाली, "अहो, केवढे भिजलात, आधी डोकं पुसा." मग, "जेवणार ना? भात टाकते." तो म्हणाला, "हो." मग सु.चा आवाज, वेगळाच, हळू: "कळवलंत का?"

"कळवला, आई."

"काय?"

"बाबा आल्यावर सांगतो. दोघांना एकदम."

सु. हाक मारतेय. जिना उतरायला मला हल्ली वेळ लागतोच. आज मुद्दाम लावणार. एकेका पायरीवर थांबत उतरेन; वही मिटतो.